खोली नंबर तीन सोडून

सोमवार, ७ जुलै २०२५. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता. आधीच्या पाच डायऱ्या जानेवारीत सुरू केल्या आणि संक्रांतीच्या आत संपल्या. त्यात माझा दोष नाही. जानेवारीत ग्वाल्हेरात बोटं गारठतात, पेन धरवत नाही. जुलै हाच खरा महिना.

संकल्प: १) रोज लिहिणे. २) गुडघ्यांचे व्यायाम. ३) चहा दोनच. ४) बायकोशी, म्हणजे लीलाशी, वाद नाही.

शनिवारी प्राचार्य संग्रामसिंह साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बोकील जी, इस साल दिव्यांग प्रकोष्ठ के नोडल अधिकारी आप. (प्रकोष्ठ म्हणजे कक्ष.) मी विचारलं, मीच का? म्हणाले, आपके पास समय है. तेहतीस वर्षं लोकप्रशासन शिकवतोय. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं.

उद्दिष्ट: डिसेंबरपर्यंत संपूर्ण महाविद्यालय सुगम्य. व्यायाम उद्यापासून.

बुधवार, ९ जुलै

लाभार्थी मिळाली. अवंतिका जाधव, एम.ए. राज्यशास्त्र, पहिलं सेमिस्टर. म्हणजे माझ्याच वर्गातली. राहायला शहराच्या मुरार भागात. वडील सूर्याजीराव ई-रिक्षा दुरुस्त करतात. त्यांनीच एका रिक्षाची मागची सीट काढून फळी बसवलीय, त्यावरून ती चाकाच्या खुर्चीसकट चढते-उतरते. खुर्ची स्वतः चालवते.

जनरेटर आत न्यायला बाजूच्या दाराशी उतार केलेला आहे. त्यावरून ती थेट माझ्या खोलीत, नंबर तीनमध्ये आली. म्हणाली, सर, आमचा वर्ग वरती आहे, सतरा नंबरला. बाईस सीढ़ियाँ हैं, मैंने गिन लीं. वर्गाला खाली एक खोली मिळाली की बस, और कुछ नहीं चाहिए.

अगदीच लहान मागणी. या मुलांना मोठा विचार करायला कुणी शिकवलंच नाही. मी म्हटलं, बेटा, एका खोलीचं काय घेऊन बसलीस, अख्खा परिसर सुगम्य करू. मग खुर्ची टेबलाभोवती एकदा पूर्ण फिरवून, कुठेही न अडखळता, ती निघून गेली. आपली खोली एवढी मोकळी आहे हे आजच लक्षात आलं.

खालच्या खोल्यांचा आढावा घेतला (बसूनच). ऑफिस, परीक्षा विभाग, वाचनालय, स्टोअर, प्राचार्य. एकही रिकामी नाही. वाईट वाटलं.

संध्याकाळी लीलाला सांगितलं. ती म्हणाली, मग तुमची खोली द्या की तिला. लीलाला काही सांगायची सोय नाही. तीन नंबर मला एकोणीस वर्षं वाट पाहून मिळाली, तीही गुडघ्यांचं सर्टिफिकेट जोडून. शिवाय नोडल अधिकारी सर्वांना सहज गाठता येईल अशा जागी हवा. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय मी. मुद्दा सोडून बोलते.

चहा चार.

सोमवार, २१ जुलै

मधे लिहिणं झालं नाही. उकाडा. कूलरची मोटर जळली, चार दिवस त्यातच गेले.

आज रॅम्पचं गणित केलं. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. बावीस पायऱ्या म्हणजे सुमारे बारा फूट उंची. म्हणजे एकशे चव्वेचाळीस फूट लांब रॅम्प. दौलतसिंहला (आमचा शिपाई, निवृत्तीला माझ्याहून जवळ) टेप धरून चालायला लावलं. रॅम्प जिन्यापासून निघून, बाग ओलांडून, कँटीनमधून पार होऊन थेट मेन गेटला लागतो. दौलतसिंह म्हणाला, साब, फिर तो लड़की गेट से ही ऊपर पहुँच जाएगी, कॉलेज देखेगी कब?

त्याला दूरदृष्टी नाही. प्रस्ताव टाइप करायला दिला. कँटीनवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

थकलो. मापं घेणं हे या वयाचं काम नव्हे.

शुक्रवार, १ ऑगस्ट. दुपारी १.१५

रॅम्प नामंजूर. कँटीनवाला प्राचार्यांच्या गावचा निघाला.

हरकत नाही. लिफ्ट! लिफ्टचा प्रस्ताव वर पाठवला. वरून विचारणा आली की इमारतीचा मूळ नकाशा जोडा. मूळ नकाशा कुठल्या तरी संस्थानी दप्तरात असेल. आमच्या पणजोबांनी दरबारात फडणिशी केली, म्हणजे कदाचित त्यांनीच कुठे तरी ठेवला असेल. घरी शोधायला हवा. माळ्यावर चढायचं म्हणजे पुन्हा गुडघे.

तोवर वर्गातली दोन मुलं अवंतिकाला खुर्चीसकट उचलून वर नेतात. आज पाहिलं. चौदाव्या पायरीवर खुर्ची कलली. तिनं कठडा घट्ट धरला, ओरडली नाही. मीच ओरडलो. वर पोचल्यावर तिची बोटं पांढरी पडली होती. मुलं म्हणाली, सॉरी यार. ती म्हणाली, हर बार सॉरी बोलते हो, हर बार उठाते हो. मला हे दृश्य बिलकूल आवडलं नाही. गोणी उचलावी तसं. माणसाला काही मान असतो.

वर आलोच होतो म्हणून तास घेतला. या सेमिस्टरचा चौथा. उरलेले तास गुडघ्यांमुळे आणि प्रकोष्ठाच्या कामामुळे.

सोमवार, ११ ऑगस्ट. सकाळी ७

मान! हा शब्द दहा दिवस डोक्यात होता. आज आंघोळ करताना उत्तर सापडलं.

आमच्या गणेशोत्सव मंडळाची पालखी. मी मंडळाचा उपाध्यक्ष. पॉलिशसाठी पालखी बाहेर काढलेलीच आहे, गणपती सत्तावीसला. ज्या शहरात आमच्या पूर्वजांना दरबारातून पालखीचा मान मिळाला, तिथं एका विद्यार्थिनीला गोणीसारखं उचलतात? चार एनसीसी कॅडेट, दोन पुढं दोन मागं. बसलेल्या माणसाचा तोल जाणार नाही, कठडा धरायला नको. आणि खर्च काही नाही.

तात्यासाहेब (मंडळाचे अध्यक्ष, वय ८४) म्हणाले, मुलीला विचारलंस का? मी म्हटलं, मान विचारून देत नसतात.

लीला उठून दूध बघायला गेली. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, असं ती उद्या म्हणेल.

बुधवार, २० ऑगस्ट. संध्याकाळी ६

ऐतिहासिक दिवस. व्यवस्थित लिहितो.

साडेअकराला पालखी पोर्चमध्ये. झेंडूची माळ (माझ्या खिशातून). वार्ताहर बोलावला होता, तो आला. अवंतिका आली, पालखी पाहिली, विचारलं, यह किसके लिए है सर? मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती बराच वेळ पालखीकडे पाहत राहिली. भारावली असावी. मग म्हणाली, आज इंटर्नल टेस्ट आहे, नाही तर मी परत गेले असते. आणि बसली.

कॅडेट उत्तम तालमीचे. एकही पायरी चुकली नाही. मुला-मुलींनी दोन्ही बाजूंनी गर्दी केली. कुणी तरी पाकळ्या टाकल्या (मीच दौलतसिंहला पाव किलो आणायला सांगितलं होतं). आणि मग बी.कॉम.च्या कुणी तरी आरोळी ठोकली, गणपती बाप्पा! आणि सगळ्या जिन्यानं म्हटलं, मोरया! मोबाइल वर झाले. क्षणभर माझ्याही तोंडून मोरया गेलं. सवय.

वर गेल्यावर अवंतिका एवढंच म्हणाली, सर, मी गणपती नाही.

मी म्हटलं, बेटा, मुलं आहेत, प्रेमानं म्हणतात.

थोडी गैरसोय झाली ती लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी सुधारता येईल. साडेबाराला टेस्ट संपली तेव्हा कॅडेट परेडला गेले होते. ते साडेचारला परत आले. तोवर ती वरच होती. तिच्या वर्गातली मुलं उचलायला तयार होती, पण मी मनाई केली होती, आता अधिकृत व्यवस्था आहे म्हणून. वरच्या मजल्यावर मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, पण त्याच्या दाराला उंबरा आहे आणि दार अरुंद. हे मला आज कळलं. यादीत टाकलं.

गरिमा मॅडम (आमच्या विभागातल्या अतिथी विद्वान, म्हणजे तासावर नेमलेल्या, तरुण, जरा तडक बोलणाऱ्या) तिच्याजवळ बसून होत्या. खाली येताना माझ्या खोलीत डोकावून म्हणाल्या, सर, चार घंटे. मी म्हटलं, हो, पुढच्या वेळी परेडचं वेळापत्रक जोडून घेऊ.

गुरुवार, २१ ऑगस्ट

फोटो आला. पान चार. माझा खांदा आणि पालखीचा दांडा. अवंतिकाचा चेहरा माळेमागे गेलाय. कात्रण फाइलला लावलं.

लीलानं पेपर वाचला, घडी घातली आणि पोहे पुढ्यात ठेवून स्वयंपाकघरात गेली. दिवसभर हो-नाही एवढंच.

सोमवार, १ सप्टेंबर

गणपतीमुळे खाडा. आज बारा वाजता तासाला जायचं होतं. गुडघे धरलेले, म्हणून दौलतसिंहला म्हटलं, वर जाऊन बघ, मुलं आहेत का. तो येऊन म्हणाला, ऊपर कोई नहीं है साब. आजची पिढी. सण सुरू झाला की यांची सुट्टी संपत नाही.

पालखी विसर्जनासाठी मंडळाला परत. पण अवंतिका तशीही येत नाही बहुतेक. मोठी सोय करून दिली तर टिकवता येत नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

ऊपर कोई नहीं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. शिक्षक दिन

ऊपर कोई नहीं. आजच्या दिवशी तरी! सोळा वर्षांपूर्वी मी लोकप्रशासनाच्या नोट्स काढल्या तेव्हा मुलं झेरॉक्ससाठी बाड़्यावर (शहराचा मुख्य चौक) रांग लावायची.

माझ्या खिडकीमागे सायकल स्टँड आहे. बारा ते एक तिथे गलका असतो. पडदा आणि कूलर असूनही ऐकू येतं. एक मुलगी बोलते, मग सगळे हसतात, मग पुन्हा ती बोलते. दौलतसिंहला पाठवलं. तो म्हणाला, साब, बच्चे पढ़ रहे हैं. सायकल स्टँडमध्ये कोण शिकतं? दौलतसिंह मुलांना सामील आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर

पेंटर आला. खोली नंबर तीनच्या दारावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं मोठं चिन्ह, खाली ‘दिव्यांग प्रकोष्ठ, नोडल अधिकारी प्रा. म. वि. बोकील’. सुरेख दिसतं. संपूर्ण परिसरात अशी सोळा चिन्हं लावणार. सध्या हे एक.

दुपारी कुबड्या घेतलेला एक मुलगा आत आला आणि बाकं शोधू लागला. म्हणाला, चिन्ह पाहून वाटलं हाच आमचा वर्ग. गैरसमज दूर केला. त्याला पाण्याचा ग्लास दिला. भला मुलगा, सॉरी म्हणून गेला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

लीलाच्या बॅटरीवाल्या स्कूटरची बॅटरी बिघडली. ती मुरारला सूर्याजीरावांच्या दुकानी गेली. मुद्दाम गेली असणार, आमच्या गल्लीत दोन दुकानं आहेत.

परत आली ती चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ती मुलगी कॉलेजच्या दिवशी सकाळी सहापासून पाण्याचा थेंब घेत नाही. त्या पालखीच्या दिवसापासून. संध्याकाळी घरी गेल्यावरच पिते. तिची आई रोज बाटली भरून देते आणि ती रोज भरलेली परत आणते. सूर्याजीराव हे सांगताना पाना हातात धरून बसले होते, म्हणाले, वहिनी, सर को मत बताना, उन्होंने तो मान दिया था.

खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. मला तीन मुलगे, मुलगी नाही. पण वाटलं.

तातडीची उपाययोजना: तळमजल्यावर वॉटर कूलरसाठी अर्ज. आजच लिहिला.

लीलाला दाखवला. तिनं वाचला आणि म्हणाली, तुम्ही लहानपणी पण असेच होता का, का लग्नानंतर झालात?

बुधवार, ८ ऑक्टोबर

वॉटर कूलर मंजूर! या प्रकोष्ठाचं पहिलं ठोस यश. माझ्या दारासमोर बसवणार. आवाज होईल, पण सोसू.

ऊपर कोई नहीं. आता दौलतसिंह जातही नाही, खालूनच मान हलवतो.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. वजन वाढलं. गुडघ्यांना डॉक्टर म्हणाले, चढ-उतार पूर्ण बंद. म्हणजे तीन नंबर आता वैद्यकीयदृष्ट्याही अटळ.

लीला म्हणाली, अनारशाचा डबा मुरारला पाठवला. म्हटलं, छान केलंस. ती म्हणाली, छान काय, लाज वाटली म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मधे थंडी, सर्दी, मुलाचा फोन, निवडणूक ड्यूटीची भीती. काम मात्र चालू. ‘सुगम्य परिसर’ अहवालाची छत्तीस पानं झाली. पुण्याच्या अभ्यास दौऱ्याचा प्रस्तावही दिला होता (तिथे मेहुण्याकडे उतरता आलं असतं). नामंजूर. लिफ्टची फाइल वर गेली आहे, कितव्या टेबलावर आहे ते कळत नाही.

अडचण एकच, सायकल स्टँडचा गलका. अहवाल लिहिताना वाक्य तुटतं. आज तर तिथून चक्क लोकप्रशासनातली एक व्याख्या ऐकू आली, आणि चुकीची नव्हती. पाठ केली असणार कुणी तरी, नाटकासाठी वगैरे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

प्राचार्यांकडून आदेश काढून घेतला. सायकल स्टँडमध्ये बसण्यास सक्त मनाई, बारा ते दोन साखळी आणि कुलूप. किल्ली माझ्याकडे. आज शांतता. अहवालाची चार पानं एका बैठकीत.

दौलतसिंहनं कुलूप लावलं आणि किल्ली टेबलावर ठेवली, नेहमीसारखी हातात दिली नाही. म्हणाला, साब, बाहर ठंड है. मी म्हटलं, मग स्वेटर घाल.

बुधवार, ३ डिसेंबर. जागतिक दिव्यांग दिन

कार्यक्रम. प्रमुख पाहुणी म्हणून अवंतिकाला आठवडाभर आधी पत्र. सभागृह वर आहे, म्हणून यावेळी पोर्चमध्येच शामियाना. हा बदल मीच सुचवला. लीलाला सांगितलं, बघ, शिकतो मी. ती म्हणाली, बघतेय.

अवंतिका आली नाही. चिठ्ठी पाठवली, मराठीत, नीटस अक्षरात: सर, क्षमस्व, बारा वाजता वर्ग असतो, चुकवता येणार नाही.

वर्ग? कसला वर्ग? माझ्या दप्तरी सप्टेंबरपासून वर्ग भरतच नाही. या मुलीला सबबसुद्धा धड देता येत नाही.

सत्काराची शाल उरली. थंडी होती, मीच पांघरून भाषण केलं. समोर अकरा माणसं, त्यातले चार शामियानावाले. गेटजवळ वॉचमनच्या पत्र्याच्या शेडखाली तीसेक मुलं घोळका करून बसली होती. तिथून इथं यायला पन्नास पावलं. एकही उठलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

कठोर झालो. होणं भाग होतं.

जानेवारीत परीक्षा. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर फॉर्म अडतो. माझ्या पेपरची यादी केली. एकतीसपैकी एकतीस अपात्र. अवंतिकाचं नाव लिहिताना पेन थांबलं. तिला खास सवलत सुचवावी असा शेरा लिहिला, मग खोडला. नियम सर्वांना सारखा, हेच तर शिकवतो मी. सही करून यादी प्राचार्यांकडे. तिचं एक वर्ष जाईल. सूर्याजीरावांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पाना हातात धरलेला. मी तो चेहरा कधी पाहिलेला नाही तरी आला.

जेवलो नाही नीट. लीलानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

सोमवार, १५ डिसेंबर. दुपारी ३

प्राचार्यांनी बोलावलं. गरिमा मॅडम आधीच बसलेल्या. टेबलावर माझी यादी आणि शाळेत असते तशी एक लांब वही.

जे घडलं ते लिहितो. आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांनी ठरवलं की अवंतिका वर येत नाही तोवर कुणीच वर जायचं नाही. बावीस ऑगस्टपासून एम.ए.चा वर्ग सायकल स्टँडमध्ये भरतो. गरिमा मॅडम तिथेच येऊन शिकवतात. बाकीचे दोघं प्राध्यापकही येतात, कुणी कुणाला आदेश दिला नाही. स्टँडला कुलूप लागल्यावर सगळे वॉचमनच्या शेडखाली गेले. धुकं पडलं तरी एक दिवस खंड नाही. तीन डिसेंबरलाही नाही.

वही मुलांनीच ठेवलेली, हजेरीची. मुलांची हजेरी डाव्या पानावर. उजव्या पानावर शिक्षकांची. अक्षर ओळखीचं, नीटस. माझ्या पेपरचे तास चोपन्न. बोकील सर: उपस्थित चार. शेजारी टक्केवारी काढलेली. सात.

मी म्हणालो, पण दौलतसिंह तर म्हणायचा, वर कोणी नाही. दौलतसिंहला बोलावलं. तो म्हणाला, साब, आपने हमेशा ऊपर का ही पूछा. मैंने एक बार बताया था, बच्चे पढ़ रहे हैं.

खरं आहे. त्यानं सांगितलं होतं.

प्राचार्य शांतपणे म्हणाले, बोकील जी, यादी मागे घेता, की हा नियम सबके लिए लागू करूँ?

यादी मागे घेतली. फाडली नाही, घडी करून खिशात ठेवली. का ते माहीत नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

तीन नंबर रिकामी केली. लीला सकाळीच डबे घेऊन आली, तिला मी सांगितलंही नव्हतं. गरिमा मॅडमनी फोन केला असणार. टेबल, कूलर, सत्तावीस वर्षांच्या उत्तरपत्रिका, अहवालाच्या पाच प्रती. दीड तास लागला फक्त. मला वाटलं होतं दोन दिवस जातील. दौलतसिंह आणि मी मिळून सतरा नंबरची बाकं खाली आणली. दहा बाकं. प्रत्येक खेपेला बावीस पायऱ्या. डॉक्टरांचं ऐकलं नाही.

दहाव्या खेपेनंतर जिन्यावर बसलो. दौलतसिंह शेजारी बसला. मी म्हटलं, फार थकलो रे. तो म्हणाला, मैं भी, साब.

मुलींच्या खालच्या स्वच्छतागृहालाही तसाच उंबरा होता, तो गवंड्यानं सकाळी काढला. चाळीस मिनिटं लागली. यासाठी अर्ज केला नव्हता, नुसतं सांगितलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर. दुपारी २

पहाटे उठून तासाची तयारी केली. बऱ्याच वर्षांनी. विषय: प्रशासनातील उत्तरदायित्व. चाळीस मिनिटं पुरेल एवढं, आणि दोन विनोद.

बारा वाजता खोलीत गेलो. आता ती त्यांची, म्हणून दारावर टकटक केली. एकतीस जण. अवंतिका पहिल्या ओळीत खिडकीशी, पाण्याची बाटली अर्धी झालेली.

सुरुवात केली. पाच मिनिटांनी तिनं हात वर केला. म्हणाली, सर, हे युनिट झालंय. सप्टेंबरमध्येच. मी म्हटलं, बरं, मग पुढचं घेऊ. ती म्हणाली, तेही झालंय. कोर्स संपला, सर, आता रिव्हिजन चाललीय. कुणी शिकवलं, विचारलं. ती जरा संकोचली, मग म्हणाली, मी. बाड़्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे आपके पुराने नोट्स मिल गए थे. छान आहेत सर. जिथं जुने झालेत तिथं मी बदलले.

खिडकीमागून ऐकू यायचा तो आवाज तिचा होता. सप्टेंबरपासून मी माझाच तास ऐकत होतो.

फळ्यापाशी उभा राहिलो. विचारलं, मग मी काय करू? हे मनात विचारायचं होतं, मोठ्यानं विचारलं गेलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अवंतिकानं थोडा विचार केला. म्हणाली, हजेरी घ्या, सर.

हजेरीची वही उघडली. एक ते एकतीस नावं वाचली. प्रत्येक नावानंतर मान वर करून बघत होतो, कुणाचा आवाज आला ते. एकाही नावाला चेहरा जोडता येईना. फक्त एक ओळखीचा होता.

सगळे हजर होते.